काहिलीखालचा खोकला

याकूब,

तुला माती देऊन आलो त्या दिवसापासून जो भेटतो तो एकच सांगून राह्यलाय. "बाबूराव, तुम्ही त्याच्यासाठी लई केलं. सख्खा भाऊ करायचा न्हाई इतकं केलं." पहिल्या दिवशी मी मान हलवली. दुसऱ्या दिवशीही हलवली. तिसऱ्या दिवशी तुझ्या दारात बसलो होतो, जियारतीच्या दुवेनंतरचे फुटाणे सगळ्यांच्या हातावर ठेवत होते, अन् शेजारी बसलेला परत तेच बोलला. माझे फुटाणे मुठीतच राह्यले. घरी येऊन मूठ उघडली तर घामानं नरम पडले होते.

तेव्हापासून मनात होतं, आज ही वही काढली. माझी शाळा चौथीपर्यंत. तुझी तेवढीही न्हाई. तू असतास तर म्हणाला असतास, "उस्ताद, लिखके क्या होता? बोल डालो." बोलायला आता तू पाहिजेस ना. अन् तू होतास तेव्हा तरी मी कुठं बोललो.

अठ्ठावीस हंगाम आपण माझ्या गुऱ्हाळात एकाच चुलीवर काम केलं अन् कामाच्या वेळी एकमेकांचं तोंड कधी बघितलं न्हाई. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटतं. पण गुऱ्हाळ असंच असतं. मी वर, रस उकळणाऱ्या काहिलीच्या काठावर, हातात लांब दांड्याचा झारा. तू खाली, भिंतीपलीकडं, खड्ड्यात, चुलवाणाच्या तोंडाशी, वाळलेली चिपाडं आत लोटत. मधी भिंत अन् वाफ. मी काहिलीच्या काठावर झारा एकदा ठोकला की जाळ वाढव. दोनदा ठोकला की दमानं. तू खालून ओरडायचास, "हौ उस्ताद." हळूहळू ते ओरडणं गेलं अन् त्याच्या जागी खोकला आला. मी ठोकायचो, तू खोकायचास, मी समजायचो की ऐकू गेलं. हे कोणत्या वर्षापासून, मला सांगता येत न्हाई. सडकेला घर असणाऱ्याला गाड्यांची सवय होते, तशी मला तुझ्या खोकल्याची झाली.

उस्ताद तू मला पहिल्याच हंगामात म्हणालास अन् मी फुगलो. वाटलं, माणसाला कारागिरी कळते. दहा-बारा वर्षांनी तुझ्या बायकोनं, जैतूनभाबीनं फोडलं की हा दारातल्या बकरीलाही उस्तादच म्हणतो, कारण ती रोज त्याच नालीत पडते अन् रोज मान वर करून बाहेर निघते. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो न्हाई. नुसता झारा ठोकायचो. तिसऱ्या दिवशी तू खालून विचारलंस, "उस्ताद, गुस्सा मेरे पे है का बकरी पे?" वर काम करणारे दोघं-तिघं गडी पोट धरून हसले. मी काहिलीत बघत उभा राह्यलो, कारण मलाही हसू आल्तं अन् ते दाखवायचं नव्हतं.

असं मी लई काही दाखवलं न्हाई, याकूब. ईदला तुमच्याकडं सगळ्यांच्या घरी साखरेचा शीरखुर्मा. तुझं एकच, उस्तादच्या गुळाचाच पाहिजे. गरम दुधात गूळ पडला की दूध फुटणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. भाबी दरसाली भांडायची, तू दरसाली गूळ टाकायला लावायचास, अन् दरसाली आपण दोघं ते फुटलेलं दूध वाटीवर वाटी पीत बसायचो. "कैसा है?" तू विचारायचास. "फस्कलास," मी म्हणायचो. भाबी आतून म्हणायची, "दोनो झूटे." आयुष्यात माझ्या गुळाची एवढी इज्जत कोणी केली न्हाई. हे मी तुला कधी सांगितलं? न्हाई सांगितलं. वाटी पुढं केली फक्त.

अन् माझा पाय पोळला ते वर्ष. उकळता रस घोट्यावर सांडला, कातडं मोज्यासारखं निघालं. तू खड्ड्यातून वर आलास, मला पाठीवर घेतलंस अन् सडकेपर्यंत पळालास. वाटेत पाचदा थांबलास. दर वेळी वाकून खोकायचास, अन् मी वरून तुझ्या पाठीवर बसून शिव्या देत होतो, "जल्दी चाल ना भाड्या, पाय जळून राह्यला." तू म्हणालास, "उतर के चलो फिर." जीप मिळाली, घनसावंगीला पट्टी झाली, पाय वाचला. तुझं पाचदा थांबणं मी तेव्हा मोजलं अन् ध्यानातही ठेवलं, पण त्याचा अर्थ लावला न्हाई. मला वाटलं, माझंच वजन जास्त.

माझा गूळ भेंडीचा. सगळ्या तीर्थपुरीला माहीत आहे. दुसरीकडं पांढरी पावडर टाकतात, गूळ सोन्यासारखा पिवळा होतो. मी पावडरीला हात लावला न्हाई. रानभेंडीची झाडं मुळासकट उपटून आणायची, ठेचायची, पाण्यात चोळायची. शेंबडासारखं चिकट पाणी निघतं. ते रसात पडलं की माती, पाचटाचा कण, जो काही कचरा असेल तो त्याला चिकटतो अन् फेस होऊन वर येतो. ती मळी. ती झाऱ्यानं लोटत लोटत काठाला आणायची अन् काढून टाकायची. झारा सारखा चालू पाहिजे. हात थांबला की मळी परत रसात बसते, अन् काहिलीतलं ते सगळं आधण गेलं म्हणून समजा. "माझ्या ढेपेत कचऱ्याचा कण दाखवा, ढेप फुकट न्या," असं मी छाती पुढं काढून सांगायचो. जालन्याहून, अंबडहून लोक यायचे.

वर एवढं सोवळं, अन् खाली काय होतं ते फक्त तुला माहीत. एका साली अवकाळी पडला, चिपाडं भिजली, जाळ धरेना. मी जुनी टायरं आणली. तुकडे करून तुझ्यापुढं टाकले.

तू म्हणालास, "उस्ताद, ये धुआँ अच्छा नै. गला कडवा होता."

"धुराडं कशाला बांधलंय? वर जातो धूर."

"तुमच्या बाजूनं बघितलं तर वर जातो. एकदा खाली येऊन बघा."

"मी खाली आलो तर मळी कोण काढील, तुझा बाप?"

"मेरा बाप गुळव्या होता तो मैं वर नै बैठता?"

सगळे हसले. मीही हसलो. खाली आलो न्हाई. एकाच वर्षापुरतं आहे म्हणालो होतो. चार हंगाम टायरं जळली. जाळ झकास व्हायचा, आधण लवकर उतरायचं.

मंग हा शेवटचा हंगाम सुरू व्हायच्या आधी भाबीनं तुला ढकलून जालन्याला पाठवलं, अन् मी सोबत आलो. माझ्याशिवाय तुला डॉक्टरशी बोलता यायचं न्हाई, असं माझं मत. डॉक्टरीण तरणी पोरगी. तुला एका नळीत फुंकायला लावलं. तू फुंकलंस, तिचं तोंड पडलं. तिनं कागद उलटा केला अन् पेनानं नळी काढली, मंग त्या नळीला आतून बारीक बारीक केस काढले.

"काका, नाकापासून खाली छातीतल्या नळ्यांपर्यंत आतून एक नाजूक, ओलं अस्तर असतं. त्याला अशी लव असते, डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक. मधे मधे चिकट पाणी सोडणाऱ्या पेशी असतात. आत गेलेली धूळ, काजळी, रोगाचे जंतू त्या पाण्याला चिकटतात. आणि ही लव ते सगळं सारखं वर लोटत राहते, घशापर्यंत. तिथून आपण गिळून टाकतो. आपल्याला कळतही नाही."

तू विचारलंस, "वाऱ्यानं ज्वारी हलती तशी?"

"तशीच. पण सगळी एका दिशेला. वर."

तू माझ्याकडं बघितलंस अन् तुझे डोळे चमकले. "म्हंजे भेंडीचं पानी. उस्ताद, भेंडीचं पानी अन् झारा."

डॉक्टरणीला कळलं न्हाई. तू तिला सगळं समजावून सांगितलंस. मळी कशी धरते, कशी वर येते, झारा थांबला तर काय होतं. ती पेन खाली ठेवून ऐकत बसली. मला राग आल्ता, याकूब. खरं सांगतो. भेंडी माझी, झारा माझा, कारागिरी माझी, अन् खड्ड्यात बसून जाळ घालणारा माणूस ती माझ्यासमोर डॉक्टरला शिकवून राह्यला. तूही ती अठ्ठावीस वर्षं भिंतीपलीकडून शिकला होतास, हे माझ्या डोक्यात आलं न्हाई. आता रोज येतं.

"बरोबर सांगितलंत काका," ती म्हणाली. "तुमचा झारा धुरानं मोडलाय. लव झडली आहे. आणि धूर लागतो म्हणून चिकट पाणी मात्र जास्त सुटतंय. अस्तर सुजलंय, नळ्या अरुंद झाल्यात. आता ती घाण वर काढायला तुमच्याकडं एकच गोष्ट उरली आहे, खोकला. म्हणून तो दाबायचा नाही. पाणी भरपूर प्या, वाफ घ्या, हा पंप रोज दोन वेळा ओढा. आणि धूर बंद."

"लव परत उगवती का?" तू विचारलंस.

"धूर थांबला तर थोडीफार येते. सगळी येईल असं नाही सांगत. पण आहे ते राखता येईल. दोन हंगाम तरी चुलीपासून लांब राहा."

तू लई खुश होतास. बसस्टँडवर भजी खाताना दोनदा म्हणालास, उगवती म्हणे. मी म्हणालो, "दोन हंगाम? अन् जाळ कोण घालणार? जाळ म्हणजे काय कोणीही उठून घालावा अशी गोष्ट हाय का?" तुला वाटलं मी तुझी तारीफ केली. थोडीशी होती पण. मंग तू खिशातून पंप काढलास, अन् मी आजूबाजूला बघितलं. "आत ठेव. पंपावर आलेला माणूस संपला, असं लोक समजतात. इथं वळखीचे असतात." तू आत ठेवलास. मी बघतोय असं वाटलं की तो तुझ्या खिशातून बाहेरच यायचा न्हाई. दमा लागलेला माणूस चार पावलं चालून एक ओढ घेतो, त्यात कसली लाज? पण ती लाज मी तुला दिली. फुकट दिली.

तू चुलीवर आलास. मी बोलावलं न्हाई, हे मी लोकांना सांगायचो. खरंय, मी तोंडानं बोलावलं न्हाई. तुझ्या घरावरून टायरांची गाडी नेली फक्त.

संक्रांतीच्या गुळासाठी जालन्याचा व्यापारी आला. बाजेवर बसला, काकवी चाखली, अन् खालून तुझा खोकला सुरू झाला. लांबच लांब, ओला, बादली खरवडल्यासारखा. त्यानं रुमाल तोंडाला लावला.

"खाली कोण हाय बाबूराव? टीबी-बीबी न्हाई ना? खाण्याची चीज हाय बाबा. लोक लेकराच्या तोंडात घालतात."

"टीबी न्हाई," मी म्हणालो. "म्हातारपण हाय."

त्यानंतर तो अर्धा तास बसला, अन् अर्धा तास खालून आवाज आला न्हाई. मला बरं वाटलं. तू त्या वेळी रुमालाचा बोळा तोंडात कोंबून बसला होतास, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हे भाबीनं मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी तीर्थपुरीच्या मेडिकलवर गेलो. म्हणालो, खोकला एकदम बंद होईल असं द्या. त्यानं विचारलं, "कोरडा का ओला?"

हे इथं मला नीट लिहायचंय. मला माहीत होतं. तुझा खोकला ओला आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत? अठ्ठावीस वर्षांचा कान आहे. पण मला हेही माहीत होतं की ओला म्हणालो तर हा कफ सुटायचं औषध देणार अन् तू आणखी खोकणार. मला खोकला बंद पाहिजे होता. तुझ्या छातीसाठी न्हाई, माझ्या गुळासाठी. मी म्हणालो, "कोरडा."

तू बाटली हातात घेऊन फिरवून बघितलीस. वाचता तर येत न्हाई. पण म्हणालास, "डॉक्टरनी तो दबाने को मना करी थी."

"डॉक्टरणीला गुऱ्हाळ चालवायचं हाय का? संक्रांतीपर्यंत घे. पुढं बघू."

तू माझ्याकडं बघितलंस. किती वेळ बघितलंस ते मला आता आठवतं, तेव्हा कळलं न्हाई. मंग बूच उघडून तिथंच एक घोट घेतलास अन् म्हणालास, "मीठी है. गूळ डाले क्या इसमें?"

खोकला थांबला. दोन दिवसांत थांबला. मी झारा ठोकायचो, जाळ बराबर कमी-जास्त व्हायचा, खालून काही यायचं न्हाई. अन् मी गावभर सांगत सुटलो. चहाच्या टपरीवर, कटिंगच्या दुकानात, जीपमध्ये, व्यापाऱ्याला फोनवर. "याकूबचा खोकला मी बंद केला. जालन्याला खर्चा करून जमलं न्हाई ते मी एका बाटलीत केलं." तू जवळ असलास तर हसायचास. बोलायचास कमी. दोन शब्द, मंग श्वास, मंग दोन शब्द. खांदे वर-खाली व्हायचे. ओठ काळसर दिसायचे, मी म्हणायचो काजळी असेल. खोकला बंद म्हणजे माणूस बरा, इतका सोपा माझा हिशोब. मळी वर यायची थांबली म्हणजे रस साफ झाला, असं माझ्या हाताखालच्या नव्या गड्यानं म्हटलं असतं तर मी त्याला झाऱ्यानं मारलं असतं. मळी दिसेना झाली की पहिला संशय धरायचा, ती खाली बसली असेल. हे मला झोपेतही कळतं. काहिलीबद्दल कळतं.

संक्रांत झाली. गूळ गेला. अन् तुला ताप भरला.

जालन्याला नेताना जीपमध्ये तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं. खरखर ऐकू येत होती, आत कुठंतरी पाण्याखाली. तीच डॉक्टरीण. तिनं नळी लावून ऐकलं, फोटो काढला, तुझ्या तोंडावर ऑक्सिजन बांधला. मंग आमच्याकडं वळली. "छातीत कफ साचून जंतू वाढलेत. यांना खोकला दाबायचं काही औषध दिलं होतं का?"

भाबी माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "न्हाई."

चार दिवस मी तुझ्याजवळ बसलो. लोक म्हणतात लई केलं, ते हेच. स्टुलावर बसलो. तुला बोलता येत नव्हतं, अन् मला बोलता येत असून मी पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी तुझा श्वास फार जोरात चालला, पोट सुद्धा आत-बाहेर होऊन राह्यलं होतं, अन् मी काय करावं ते न सुचून खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटानं ठोकलं. दोनदा. दमानं. तू डोळे उघडलेस. तोंडावरच्या त्या प्लास्टिकखाली तू हसलास, हे मी बघितलं. अन् खरंच थोडा वेळ तू दमानं श्वास घेतलास. माझं ऐकलंस. शेवटपर्यंत माझंच ऐकत आलास, याकूब, तेवढंच चुकलं तुझं.

तू गेल्यावर मी एकटाच डॉक्टरणीकडं गेलो अन् बाटलीचं सांगितलं. तिनं मला समोर बसवलं. म्हणाली, "बाबा, एका बाटलीनं माणूस गेला असं मी म्हणणार नाही. कफ बाहेर यायला हवा होता, ते खरं. पण मूळ नुकसान वर्षानुवर्षांच्या धुराचं आहे."

म्हणालो, "धूरही माझाच हाय."

मंग भाबीकडं गेलो. ती तुझ्या इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस पडद्याआड बसते. तुझी बहीण मला पाणी देऊन आत गेली. मी पडद्याकडं तोंड करून सगळं सांगितलं. कोरडा म्हणालो ते सांगितलं. दवाखान्यात न्हाई म्हणालो ते तिच्यासमोरच घडलं होतं, तरी सांगितलं. पडदा हलला सुद्धा न्हाई.

"मेरेकू मालूम था," ती म्हणाली. "बाटली मीच उशाशी ठेवत होते. मैं रोज बोली, डॉक्टरनी मना करी, नक्को पियो. वो बोले, उस्ताद के माल की इज्जत का सवाल है. संक्रांत होऊ दे."

मी पाण्याचा गिलास खाली ठेवला.

"दवाखान्यात तुम्ही न्हाई म्हणाले. मी बी तिथंच होते. मैं भी चुप बैठी. डॉक्टरनीसमोर तुमची मान खाली कशाला घालू, असं मनात आलं. माझा माणूस मरून राह्यला होता अन् मी तुमची इज्जत सांभाळत बसले. तेव्हापासून घास गिळवत न्हाई मला." तिचा आवाज चढला न्हाई. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "अब कायकू आए? माफी मांगने? मेरे पास नै है. असती तर पहिले मी घेतली असती."

"मंग मी काय करू भाबी?"

"जितनों को बोले थे ना, खोकला मी बंद केला? उतनों को जाके बोलो. पूरा बोलो. कोरडा बोले सो भी."

मला वाटलं होतं ती शिव्या देईल, न्हाईतर माफ करील. दोन्हीची तयारी करून गेल्तो. याची नव्हती.

माझी मान तुला माहीत आहे. भावकीच्या भांडणात खाली गेली न्हाई, पाय पोळला तेव्हा गेली न्हाई. सात दिवस लागले मला घराबाहेर पडायला. मंग एका सकाळी टपरीवर गेलो, चहा सांगितला, अन् चहा यायच्या आधी बोललो, न्हाईतर चहा पिऊन तसाच परत आलो असतो. टपरीवाला फडकं हातात घेऊन ऐकत राह्यला. म्हणाला, "तुम्हाला काय माहीत होतं दादा?" मी म्हणालो, "सगळं माहीत होतं. माझ्यासमोर कागदावर चित्र काढलं होतं." त्यानं चहा पुढं ठेवला. चहाचे पैसेही घेतले न्हाईत, ते मला जास्त लागलं. कटिंगवाल्याला सांगितलं. जीपवाल्याला सांगितलं. व्यापाऱ्याला फोन लावला, तो म्हणाला, "जाऊ द्या बाबूराव, त्याचं आयुष्यच तेवढं. पुढच्या साली माल द्याल ना?" मी फोन ठेवला. मेडिकलवाल्याला सांगितलं, तेव्हा तो पोरगा पांढरा पडला. त्याला म्हणालो, तू बरोबर विचारलं होतंस, खोटं मी बोललो.

गुऱ्हाळावरच्या गड्यांना शेवटी सांगितलं. ते अवघड गेलं. एकानं विचारलं, "मालक, मंग टायरं?" पडवीत ढीग होता अजून. मी स्वतः ट्रॅक्टरमध्ये भरला अन् भंगारात घालून आलो. पुढच्या साली काहील चढली तर सुक्या चिपाडावर चढेल. चिपाड ओलं असेल तर चढणार न्हाई. अन् खड्ड्यात जो कोणी उतरेल त्याच्याआधी एक दिवस मी तिथं बसणार आहे. तू म्हणालाच होतास, एकदा खाली येऊन बघा. धुराडं तुझ्या बाजूनं कसं दिसतं ते बघेन. तुला उपयोग न्हाई त्याचा आता, हे मला कळतं.

कोणीच मला वाईट बोललं न्हाई, याकूब. एक जण तरी थुंकेल वाटलं होतं. सगळ्यांनी खांद्यावर हात ठेवला. तू असतास तर म्हणाला असतास, "देखो, बकरी फिर निकल गई नाली से." मला तेच ऐकायचं होतं. तुझ्याकडून.

काल भाबीकडं परत गेलो. पडद्यापुढं बसलो.

"सगळ्यांना सांगून झालं भाबी."

"क्या बोले लोगां?"

"बोलले, वाईट वाटून घेऊ नका."

"और तुम?"

"वाटतंय."

पडद्यामागं काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मला वाटलं उठून आत गेली. मी पायताण घालायला वाकलो, तेव्हा ती बोलली.

"वाटू द्या."